मातीच्या भिंतीला पाणी झटकणारं रसायन: वरून फवारावं की गाऱ्यात मिसळावं?

कच्चीवीट:

एकमजली घर आहे. भिंती ४० सेंमी जाडीच्या, कच्च्या विटांच्या, सांधेही मातीचेच. सिमेंट-चुना कुठेच नाही. बाहेरून मातीचा दोन थरांचा गिलावा, मिळून साधारण २० मिमी, त्यात बारीक कापलेला पेंढा. जोतं दगडी, ४५ सेंमी उंच, वळचण ६० सेंमी पुढे आलेली. तीन बाजूंना काही तक्रार नाही. वाऱ्याच्या बाजूची सुमारे ३० चौ.मी. भिंत मात्र पावसाच्या माऱ्यात धुपते आणि दर पावसाळ्यानंतर वरचा हात पुन्हा द्यावा लागतो.

बरणीत माती-पाणी ढवळून पाहिलं तर गिलाव्याच्या मातीत चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास, गाळ १५-२०, बाकी वाळू.

सुचवलेले पर्याय: सिलिकोनेटची फवारणी, सॉल्व्हंटमधलं (म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातलं) सिलेन-सिलोक्झेन, सोडियम सिलिकेट, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. यातलं काय घ्यावं, किती लागेल आणि काय बिघडू शकतं? वरून फवारण्याऐवजी गाऱ्यातच मिसळलं तर? शिवाय कुंपणाची एक नवी भिंत बांधायची आहे, तिच्यावर छप्पर नसेल. तिच्या विटांचं वेगळं काही करावं लागेल का?

सिलिका:

आधी यादीतले दोन पर्याय बाद करा.

सोडियम सिलिकेट पाणी झटकत नाही. ते छिद्रांत गोठून वरचा २-३ मिमीचा थर कडक करतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर सोडियम कार्बोनेट मागे सोडतं. कडक साल आणि आत मऊ माती, ही जोडी टिकत नाही. ओलं-सुकं होताना दोघांची हालचाल वेगळी होते आणि साल पापुद्र्यासारखी सुटते. वर तो क्षार आहेच.

अ‍ॅक्रिलिक पृष्ठभागावर पडदा धरतं. एका केसाएवढ्या भेगेतून पाणी आत गेलं की त्याच पडद्यामुळे ते लवकर बाहेर पडत नाही. पडद्यामागे माती लगद्यासारखी होते, बाहेरून मात्र भिंत सुरेख दिसते. म्हणून नुकसान उशिरा कळतं. पीव्हीए (पांढरा) गोंद तर पाण्यात परत विरघळतो, त्याचा विचारच नको.

उरले दोन, सिलिकोनेट आणि सिलेन-सिलोक्झेन. दोन्ही सिलिकॉनची रसायनं, आणि दोन्हींचं मूळ तत्त्व एकच. मातीच्या आणि वाळूच्या कणांवर हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून पाणी त्यांवर पसरतं. सिलिकॉनचा रेणू त्या गटांना धरतो आणि आपली कार्बनची शेपटी बाहेरच्या बाजूला ठेवतो. मग पाणी पसरण्याऐवजी थेंब धरून बसतं. छिद्रं उघडी राहतात, त्यामुळे वाफ ये-जा करू शकते. थांबतं ते फक्त केशाकर्षणाने होणारं पाण्याचं शोषण.

पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट पाण्यात विरघळतं आणि स्वस्तात पडतं. पण त्याचा पीएच १३ च्या आसपास असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून ते पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात. तुमची माती बिनसिमेंटची आहे, तिथे अडचण दुहेरी. पाण्याने पृष्ठभाग मऊ होतो आणि इतक्या तीव्र अल्कलीत चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात. त्यावर जोराचा फवारा मारला की गिलावा ओघळतोच. शिवाय पोटॅशियम कार्बोनेट मागे राहतं. द्रावण गडद ठेवलं किंवा दुसरा-तिसरा हात दिला तर पांढरी भुकटी वर येते. सोडियमवाल्या प्रकारात ती आणखी जास्त येते. सिमेंट किंवा चुना घालून दाबलेल्या विटांवर सिलिकोनेट चालतं. निव्वळ मातीवर मी ते सुचवणार नाही.

तुमच्यासाठी सॉल्व्हंटमधलं सिलेन-सिलोक्झेन. सॉल्व्हंटने चिकणमाती पाण्यासारखी फुगत नाही, म्हणून फवारताना पृष्ठभाग शाबूत राहतो. इथे एक गोष्ट बघून घ्या: नुसतं सिलेन घेऊ नका. काँक्रीटमध्ये अल्कली असते आणि ती सिलेनची अभिक्रिया लवकर घडवते. माती जवळपास उदासीन असते. तिच्यात हलकं सिलेन पक्कं होण्याआधीच बरंचसं उडून जातं आणि निम्मं औषध हवेत जातं. म्हणून सिलोक्झेनचा चांगला वाटा असलेलं किंवा उत्प्रेरक आधीच घातलेलं मिश्रण मागा. सक्रिय भाग ७ ते १० टक्के पुरे.

कृती:

१. भिंत पूर्ण कोरडी हवी. गिलाव्याचा हात नवा असेल तर रंग एकसारखा फिका होईपर्यंत थांबा आणि त्यानंतरही दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

२. मऊ ब्रशने सुटी धूळ काढा. पाणी मारून धुवायचं नाही.

३. काचा, अ‍ॅल्युमिनियम, रंगवलेलं लाकूड, झाडं झाका.

४. कमी दाबाचा फवारणी पंप, जाड थेंबांचा नोझल. धुक्यासारखा बारीक फवारा वाऱ्यावर उडून जातो.

५. खालून वर या. प्रत्येक पट्ट्यात द्रावण १५-२० सेंमी खाली ओघळेल इतकं सोडा.

६. दुसरा हात पहिला ओला असतानाच, १०-१५ मिनिटांत. पहिला सुकला की तो दुसऱ्यालाच आत येऊ देत नाही.

७. कडक उन्हात किंवा तापलेल्या भिंतीवर करू नका. हवा ५ ते ३० अंश सेल्सिअस, पुढचे २४ तास पाऊस नको.

मातीचा गिलावा खूप पितो. दोन हात मिळून दर चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर धरा, म्हणजे ३० चौ.मी.ला १५ ते ३० लिटर. आधी एक चौरस मीटर करून पाहिलंत की नेमका आकडा कळेल, आणि रंग किती गडद होतो तेही. सॉल्व्हंट पेट घेतो. विडी-काडी, वेल्डिंग, चालू मोटर, काहीच जवळ नको, आणि तोंडाला वाफेचं गाळणीवालं मास्क हवं, नुसता रुमाल नव्हे.

ओलचिकित्सा:

वरच्या उत्तराशी सहमत, पण फवारण्याआधी भिंतीच्या खालच्या भागाकडे बघा.

भिंतीत जमिनीतून ओल चढत असेल तर तिच्यासोबत विरघळलेले क्षार येतात. उघड्या मातीत पाणी पृष्ठभागावर येऊन सुकतं आणि लोणा बाहेर लागतो, ब्रशने झाडता येतो. पृष्ठभागापासून ५ मिमीपर्यंत रसायन गेलेलं असेल तर द्रवरूप पाणी तिथपर्यंतच येतं, पुढे फक्त वाफ जाते. क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ते त्या ५ मिमीच्या मागे स्फटिक धरत बसतात आणि एक दिवस तेवढ्या जाडीचा तुकडा थाळीएवढा अख्खा सुटून पडतो. सुटलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहिली की पांढरे स्फटिक दिसतात. ओळखीची खूण आहे ती. म्हणून जोत्याच्या वर जिथे लोणा दिसतो तिथे आधी ओलीचा बंदोबस्त करा, निदान तेवढा पट्टा फवारणीतून वगळा.

दुसरं, भेगा. रसायन छिद्रांत काम करतं, भेगेत नाही. हिशोब साधा आहे. प्रक्रिया केलेल्या मातीवर थेंबाचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो, ९० च्या वर म्हणजे पाणी झटकलं जातं) ११० अंश धरला तर ०.१ मिमी रुंदीच्या भेगेत पाणी ढकलायला सुमारे ४९० पास्कल दाब लागतो. ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब साधारण तितकाच असतो, ४७० पास्कल. भेग १ मिमीची झाली तर ४९ पास्कल पुरतात, म्हणजे ताशी ३०-३५ किमीची झुळूकसुद्धा पाणी आत ढकलते. वर भिंत पाणी पीत नसल्याने सगळा पाऊस पृष्ठभागावरून ओघळतो आणि भेगेशी एकवटतो. साध्या भिंतीत जे पाणी चहूकडे थोडं थोडं मुरलं असतं ते इथे एकाच जागी आत जातं. खिडकीच्या उंबऱ्याखालचा कोपरा, लाकडी चौकटीचा आणि मातीचा सांधा, तुळईचं टोक: या तीन जागा फवारणीआधी बंद करा. भेग व्ही आकारात खरवडून, ओलसर करून, त्याच मातीत जास्त वाळू घालून भरा.

आणि तिसरं, ओघळलेलं पाणी जाणार कुठे? जोत्याशी. प्रक्रियेनंतर पायथ्याशी पडणारं पाणी वाढतं, उडणारे शिंतोडे वाढतात. जोतं भिंतीच्या पुढे आलेलं असेल तर त्या पट्टीवर पाणी साचतं आणि नेमकं मातीच्या पहिल्या थराला लागतं. तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पायथ्याशी अर्धा मीटर रुंद खडीचा पट्टा ठेवा.

कच्चीवीट:

लोणा नाही. जोतं भिंतीच्या पातळीतच आहे. पण गिलाव्यात केसासारख्या भेगा बऱ्याच आहेत, हाताच्या पंजाएवढ्या चौकटी पडल्यासारख्या. म्हणजे वरचा थर काढून नवा द्यावा लागेल असं दिसतं. तसं असेल तर नव्या थरातच रसायन मिसळलं तर फवारणी वाचेल का? आणि पुढे कधी त्यावर आणखी हात द्यायचा झाला तर माती धरेल का?

गिलावा:

चौकटी पडल्या म्हणजे चिकणमाती जास्त आणि वाळू कमी. २० टक्के चिकणमाती विटांना चालते, वरच्या पातळ थराला ती भारी पडते. त्याच मातीच्या एका मापाला धारदार वाळूची एक ते दीड मापं घालून चार नमुने करा. प्रत्येक ३० × ३० सेंमीचा, १० मिमी जाडीचा, भिंतीवरच. सुकल्यावर ज्यात भेग नाही आणि अंगठा घासल्यावर वाळू झडत नाही, ते प्रमाण घ्या. हे न करता रसायनाकडे वळणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता गाऱ्यात मिसळण्याबद्दल. मातीचा चिकटपणा चिकणमातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे असतो. तेच कण पाणी झटकू लागले की एकमेकांना धरायलाही कचरतात. म्हणून निव्वळ मातीच्या गाऱ्यात मात्रा वाढवत गेलं तर गिलावा पाणी पीत नाही, पण कोरडा असतानाच भुसभुशीत होतो. योग्य मात्रा मातीच्या जातीवर अवलंबून असते, कारण कणांचं क्षेत्रफळ फार वेगळं असतं. केओलिनाइट या न फुगणाऱ्या चिकणमातीच्या एका ग्रॅमचं क्षेत्रफळ १०-२० चौ.मी., काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइटचं आतले थर धरून ८०० चौ.मी.पर्यंत. फुगणाऱ्या काळ्या मातीत डबेच्या डबे ओतले तरी कण पुरते झाकले जात नाहीत. शिवाय अशी माती वाफेतली ओल घेऊनही फुगते, तिच्यासाठी पाणी झटकणारं रसायन हा उपायच नव्हे.

तुमच्या वाळूमिश्रित मातीत हे करता येईल, पण थोडा चुना बांधणीला घालून. कोरड्या मिश्रणाच्या ६ टक्के विरवलेला चुना, आणि त्यात कॅल्शियम स्टिअरेटची (पाण्यात न विरघळणारा, पाणी झटकणारा साबण) भुकटी अर्धा टक्का, फार तर एक. क्रम चुकवू नका. स्टिअरेट ओल्या गाऱ्यात टाकलं तर ते भिजतच नाही, वर तरंगतं, गोळ्या धरतं आणि सुकल्यावर भिंतीवर पांढरे ठिपके दिसतात. आधी चुना आणि स्टिअरेट कोरडेच चाळणीतून दोनदा एकत्र काढा, मग ते कोरड्या वाळूत, मग चाळलेल्या मातीत, आणि शेवटी पाणी. १०० किलो कोरड्या मिश्रणाला ६ किलो चुना, ५०० ग्रॅम स्टिअरेट. हा थर ८ मिमी, एकाच दिवसात एक भिंत संपवायची. निदान आठवडाभर ओलं गोणपाट लावून चुन्याला वेळ द्या, रसायन घातलं म्हणून ते टाळता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्रक्रिया झालेल्या पृष्ठभागावर नवी माती धरत नाही. पाणी सोडलं की मोत्यासारखं घरंगळतं, गारा सरकतो, आणि तेवढ्यापुरता बसला तरी सुकल्यावर आवाज पोकळ येतो. हात द्यायचा तर प्रक्रिया झालेली जाडी पूर्ण खरवडावी लागते, ५ ते १० मिमी. म्हणून रचना अशी ठेवा: खालचा १२ मिमीचा थर निव्वळ मातीचा, ओला असतानाच फणीने आडवा खरडलेला, आणि वरचा ८ मिमीचा थरच काय तो प्रक्रियेचा. पुढे कधी काढायचा झाला तर तेवढाच काढायचा, विटांना हात लागत नाही. फवारणी थेट विटांवर कधीच नको. ती परत उलटवता येत नाही.

वरच्या थरात चुना असेल तर आणखी एक जुना आणि स्वस्त मार्ग आहे, साबण आणि तुरटीचा. एक लिटर कढत पाण्यात ९० ग्रॅम साधा चरबीचा साबण किसून विरघळवा (डिटर्जंट चालत नाही, त्यात लागणारी स्निग्धाम्लं नसतात). सुकलेल्या गिलाव्यावर मऊ ब्रशने एक हात, फेस न काढता. २४ तासांनी एक लिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम तुरटी, तिचा एक हात. पुन्हा २४ तासांनी हीच जोडी. साबण आणि तुरटी छिद्रांतच भेटून अ‍ॅल्युमिनियमचा न विरघळणारा साबण तयार करतात. नुसत्या मातीवर हे करू नका, पहिल्याच कढत हाताने माती ब्रशला लागून येते.

डांबरमाती:

कुंपणाच्या भिंतीचं वेगळं बघा. छप्पर नाही म्हणजे पाणी वरून येणार, आणि तिथे वरवरची कुठलीही फवारणी अपुरी. तिथे विटेच्या अंगातच डांबर इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं डांबर) हवं.

इमल्शन हळू फुटणाऱ्या, म्हणजे डांबर पाण्यापासून सावकाश वेगळं होणाऱ्या, जातीचंच घ्या. रस्त्यावर फवारायचं लवकर फुटणारं इमल्शन चिकणमातीला लागताच फुटतं आणि काळ्या गुठळ्या होतात. मग ते कितीही मळलं तरी पसरत नाही. माती वाळूसर हवी, चिकणमाती १० ते २० टक्के, वाळू निम्म्याहून जास्त.

१०० किलो कोरड्या मातीला ५ ते ८ किलो इमल्शन. इमल्शनमध्ये डांबर साधारण ६० टक्के असतं, म्हणजे प्रत्यक्षात ३ ते ५ किलो डांबर. आधी मातीत नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून ती रात्रभर मुरवा, कारण उरलेलं पाणी इमल्शनबरोबर येणार आहे. मग इमल्शन बारीक धारेने, दोन-तीन वेळा विभागून, मळत मळत. गोळा सुरीने कापून बघा: काप एकसारखा करडा-तपकिरी हवा. काळ्या रेघा दिसल्या तर मळणं अपुरं, काळे ठिपके दिसले तर इमल्शन फुटलंय आणि तो घाणा वाया गेला. साचे काढल्यावर दोन-तीन दिवसांनी विटा कडेवर उभ्या करा, सावलीत निदान चार आठवडे. पाणी पूर्ण उडाल्याशिवाय डांबराचा थर कणांवर बसत नाही. अर्धवट सुकलेली वीट तपासाल तर ती नापासच होईल आणि तुम्ही विनाकारण इमल्शन वाढवाल. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की वीट दाबाला कमजोर पडू लागते.

तपासणी: पूर्ण सुकलेल्या विटेतून १० सेंमीचा घन कापा, वजन करा, पाण्याने सतत भरलेल्या सच्छिद्र फरशीवर सात दिवस ठेवा. वजनातली वाढ ४ टक्क्यांच्या आत आली तर मिश्रण बरोबर. भिंतीच्या माथ्याला मात्र दगडाची किंवा भाजलेल्या कौलाची टोपी द्याच, दोन्ही बाजूंना निदान ५ सेंमी पुढे, खाली पाणी तुटायला खाच ठेवून.

कच्चीवीट:

कळलं. वाऱ्याच्या भिंतीचा वरचा थर खरवडून वाळूच्या प्रमाणाचे नमुने करतो, मग चुना-स्टिअरेटचा थर. त्यावर सिलेन-सिलोक्झेनही मारावं का? आणि काम झाल्यावर ते खरंच टिकतंय की नाही हे कसं तपासायचं? थेंब मोत्यासारखा राहिला म्हणजे झालं?

सिलिका:

थेंबावर विसंबू नका. पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर उन्हाने आणि धुळीने खराब होतो आणि थेंब धरणं थांबतं, तरी आतल्या ३-४ मिमीत रसायन काम करत असतं. आणि उलटही होतं: वर छान थेंब, पण आत अर्धा मिमीच गेलेलं. नमुन्याचा तुकडा मोडून तुटलेल्या कडेवर पाणी फवारा. जिथपर्यंत कड फिकी राहते तितकी खोली मिळाली, पाणी प्यायलेला भाग गडद होतो. ३ मिमीपेक्षा कमी असेल तर भिंत ओलसर होती किंवा द्रावण कमी सोडलं.

स्टिअरेटचा थर नीट झाला असेल तर वर सिलेन-सिलोक्झेन आत शिरणारच नाही. दोन्ही एकाच थरावर करू नका. एकतर स्टिअरेटशिवाय चुना-मातीचा थर द्या आणि तो महिनाभर सुकल्यावर फवारा, नाहीतर स्टिअरेट घाला आणि फवारणी विसरा. पावसाचा मारा जोराचा असेल तर मी पहिला मार्ग घेईन. कारण फवारणी काही वर्षांनी पुन्हा करता येते. स्टिअरेट एकदा मिसळलं की ते तेवढंच.

ओलचिकित्सा:

भिंतीवर मोजायला अंश असलेली वाकडी काचनळी मिळते, पुटीने चिकटवायची. नळीत सुमारे १० सेंमी उंचीचं पाणी म्हणजे ताशी १४० किमी वाऱ्याच्या पावसाएवढा दाब. पाच, दहा, वीस मिनिटांनी पातळी वाचा. बिनप्रक्रियेच्या मातीवर ही नळी लावू नका, पुटीखालची माती विरघळून नळी हातात येते. तुलनेसाठी प्रक्रियेपूर्वीचा आकडा हवा असेल तर थेंबांची चाचणी घ्या: नमुन्याची वीट दोनास एक उतारावर ठेवायची, ४० सेंमी उंचीवरून १०० मिली पाणी २० ते ६० मिनिटांत थेंबाथेंबाने सोडायचं, मग पडलेल्या खड्ड्याची खोली ३ मिमी जाडीच्या तारेने मोजायची. ५ मिमीच्या आत चांगली, १५ मिमी किंवा जास्त म्हणजे नापास. प्रक्रिया केलेली आणि न केलेली वीट शेजारी ठेवून एकाच दिवशी करा.

नळीची चाचणी दर पावसाळ्याआधी त्याच तीन जागी घ्या: वळचणीखाली, भिंतीच्या मधोमध, आणि जोत्याच्या ३० सेंमी वर. खालची जागा सर्वात आधी पाणी प्यायला लागते. तिथलं शोषण पहिल्या वर्षाच्या दुप्पट झालं की तेवढाच मीटरभर उंचीचा पट्टा पुन्हा फवारा, अख्खी भिंत नको.

गिलावा:

एक राहिलं. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंट किंवा सिमेंटचा गिलावा असेल तर आधी तो काढा. बाहेरून वाफेचा मार्ग थोडा तरी अरुंद होणारच आहे. आतून तो मोकळा नसेल तर भेगेतून शिरलेलं पाणी त्या ४० सेंमीत महिनोन्‌महिने राहतं, आणि कच्ची वीट ओली असताना तिची ताकद कोरडीच्या मानाने फारच कमी उरते. आत चुन्याचा हात पुरे.